शाळेच्या ग्रंथालयासाठी धोरण मागायचे, पण कुणाकडे आणि कसे?

हिंगोली जिल्ह्यातल्या एका ग्रंथपाल सरांचा प्रश्न आहे : "मी अनुदानित माध्यमिक शाळेत अर्धवेळ ग्रंथपाल आहे. वर्ग पाचवी ते दहावी. ग्रंथालयाची निम्मी खोली मोडके बाक आणि जुन्या संगणकांनी भरली आहे. बऱ्याच वर्षांत नवीन पुस्तक आलेले नाही. नव्या शैक्षणिक धोरणात ग्रंथालयांवर भर आहे असे प्रशिक्षणात सांगतात, पण शाळेत काहीच बदलत नाही. धोरण आपल्या बाजूने वळावे म्हणून एकटा ग्रंथपाल काय करू शकतो? आणि असे काही केले तर नोकरीत अडचण येईल का?"

सर, तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी एकमेकींत अडकल्या आहेत. लेकरांच्या हातात पुस्तक पडत नाही ही एक, तुमचे पद अर्धवेळ आहे ही दुसरी, आणि सरकारी धोरण शाळेपर्यंत पोचत नाही ही तिसरी. तिन्ही खऱ्या आहेत. पण तिन्ही एकाच निवेदनात लिहिल्या की वाचणारा अधिकारी नेमका दुसऱ्या मुद्द्यावर थांबतो, "पदाचे प्रकरण, शासन स्तरावरील" असा शेरा मारतो आणि कागद तिथेच बंद होतो. बीड जिल्ह्यातल्या एका अनुदानित हायस्कूलच्या ग्रंथालयात माझी सगळी नोकरी झाली. निवृत्तीनंतरही आसपासच्या शाळांतले ग्रंथपाल अर्ज दाखवायला येतात. हा शेरा मी इतक्या वेळा पाहिला आहे की नव्या माणसाला पहिले सांगणे हेच असते : पदाचा कागद वेगळा, पुस्तकांचा कागद वेगळा. दोन्ही लढा, पण एका पानावर नको.

मला स्वतःला असे वाटते की धोरण आपल्या विरोधात आहे ही खरी अडचण नाही. कागदावर ते बरेचसे आपल्या बाजूनेच आहे. त्या कागदातली आपल्या कामाची ओळ कुणासमोर आणि कोणत्या महिन्यात ठेवायची हे कुणी ठरवत नाही, आणि गाडी तिथे अडते. म्हणून आधी कागद बघू.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याला जोडलेल्या अनुसूचीत म्हटले आहे की प्रत्येक शाळेत ग्रंथालय असेल आणि तिथे वर्तमानपत्रे, मासिके व गोष्टीच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके मिळतील. हा कायदा पहिली ते आठवीसाठी आहे, म्हणजे तुमच्या पाचवी ते आठवीच्या वर्गांना तो लागतो. शाळा खासगी संस्थेची असली तरी कलम १९ प्रमाणे या निकषांतून ती सुटत नाही. मात्र ती अनुसूची शांतपणे पुन्हा वाचा. तिच्यात ग्रंथालय आहे, ग्रंथपाल नाही. सहावी ते आठवीचा पट शंभराच्या वर असेल तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक द्यावेत हे तीच अनुसूची सांगते, पण ग्रंथपालाबद्दल एक शब्द नाही. त्यामुळे या कायद्याच्या जोरावर पुस्तके, पेपर, मासिक आणि खोली मागा. पद मागायला गेलात तर समोरचा हीच अनुसूची काढून तुम्हाला दाखवील.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधले दोन परिच्छेद कापून जवळ ठेवा. २.८ मध्ये शाळेची आणि सार्वजनिक ग्रंथालये मोठ्या प्रमाणावर वाढवण्याचे, विशेषतः खेड्यांत शाळेची ग्रंथालये शाळेच्या वेळेबाहेर गावालाही उपलब्ध करण्याचे म्हटले आहे. २१.९ मध्ये पुरेसा ग्रंथालय कर्मचारीवर्ग, त्यांच्या पुढच्या वाटचालीचा मार्ग आणि सततचे प्रशिक्षण यांचा उल्लेख आहे. आपल्या पदाचा आधार इथे सापडतो. पण धोरण म्हणजे कायदा नव्हे. ते दाखवून आग्रह धरता येतो, हक्क बजावता येत नाही. आणि एक सावधगिरी : "गावासाठी ग्रंथालय संध्याकाळी उघडू" असे उत्साहात लिहून देऊ नका. अर्धवेळ पगारावर संध्याकाळची जबाबदारी कोण घेणार, दिव्याचे बिल कोण भरणार, हे ठरल्याशिवाय ती ओळ तुमच्याच गळ्यात येते.

पैशाचे थोडक्यात सांगते, कारण इथे फार गोंधळ होतो. समग्र शिक्षा ही योजना २०१८ पासून आहे. तिच्यातून सरकारी शाळांना शाळेच्या स्तराप्रमाणे वर्षाला ५,००० ते २०,००० रुपयांपर्यंत ग्रंथालय अनुदानाची तरतूद आहे. जिल्हा परिषद शाळेतले मित्र याबद्दल बोलतात, ते ऐकून आपल्याकडचा ग्रंथपाल तसाच अर्ज टाकतो आणि तो परत येतो. अनुदानित शाळेने पुस्तकांचा खर्च वेतनेतर अनुदानातून (पगार सोडून इतर खर्चासाठी मिळणाऱ्या पैशातून) आणि संस्थेकडून मागायचा असतो. वेतनेतर अनुदान किती तुटपुंजे आणि किती उशिरा येते हे मला ठाऊक आहे. तरी त्या खर्चाच्या यादीत ग्रंथालयाची ओळ आहे की नाही हे मुख्याध्यापकांना विचारण्याचा तुमचा हक्क आहे. बहुतेक वेळा ती नसते, कारण कुणी मागितलेलीच नसते.

पदाचे गणित वेगळे. खासगी शाळांतील कर्मचारी सेवाशर्ती अधिनियम १९७७ चा, त्याची नियमावली १९८१ ची, आणि पद मिळते ते शिक्षकेतर आकृतीबंधाप्रमाणे (कोणत्या शाळेला किती शिक्षकेतर पदे याचा सरकारी तक्ता), पटसंख्येला बांधून. मोठा पट असेल तर पूर्णवेळ, मधला असेल तर अर्धवेळ, लहान शाळेला पदच नाही. संचमान्यतेत, म्हणजे पटानुसार पदे मंजूर होतात तेव्हा, पट खाली आला की पद हलते. हे बदलायचे तर शासन निर्णय लागतो आणि त्याला वित्त विभागाची संमती लागते. तुमचे मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, शिक्षणाधिकारी यांच्यापैकी कुणाच्याही हातात ते नाही. त्यांच्याकडे ते मागत राहिलो तर त्यांच्या हातात जे आहे तेही मिळत नाही.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी. तुमचे मुख्याध्यापक वाचणारे आहेत की नाहीत यावर पहिले वर्ष ठरते. संस्था एका शाळेची आहे की तिच्या पाच-सहा शाळा आहेत यावर दुसरे. संस्था मोठी असेल तर एका शाळेत झालेला ठराव दुसरीकडे नेता येतो. एकट्या शाळेच्या संस्थेत अध्यक्षांच्या मनावर बरेच असते. विनाअनुदानित किंवा अंशतः अनुदानित तुकड्यांवर असाल तर तुमची नोकरीच हलती असते, तिथे मी पुढचे काही मुद्दे संघटनेमार्फतच करा म्हणेन. आणि जिल्हा परिषद शाळा असेल तर मार्ग बदलतो : तिथे शाळा व्यवस्थापन समितीने केलेला शाळा विकास आराखडा शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २२ प्रमाणे अनुदानाचा आधार असतो. अनुदानित शाळेत त्या समितीचे काम सल्ला देण्यापुरते आहे, म्हणून तुम्हाला संस्थेची शाळा समिती आणि पालक-शिक्षक संघ धरावा लागेल.

यानंतर जे सांगते ते मला सगळ्यात जवळचे आहे. दरवर्षी शाळेची माहिती यू-डायस प्लस या सरकारी ऑनलाइन नोंदणीत भरली जाते. त्यात ग्रंथालय आहे का, पुस्तके किती, वर्तमानपत्र-मासिक येते का आणि पूर्णवेळ ग्रंथपाल आहे का, असे रकाने असतात. तो फॉर्म लिपिक भरतात, बहुतेक मागच्या वर्षीचा आकडा पुढे ओढून. दाखल नोंदवहीत (आलेले प्रत्येक पुस्तक जिथे क्रमांकाने नोंदतात) शेवटचा दाखल क्रमांक ३,२०० असेल तर पुस्तके ३,२०० असे लिहिले जाते. त्यातली किती वाळवीने खाल्ली, किती जुन्या अभ्यासक्रमाची पाठ्यपुस्तके आणि गाईड आहेत, किती लेकरांच्या वाचनाची, हे कुठेच येत नाही. परिणाम असा की जिल्ह्याच्या आणि राज्याच्या तक्त्यात तुमची शाळा "ग्रंथालय : होय" अशी दिसते. वर बसलेल्या माणसाने तक्ता उघडला तर त्याला सोडवायला प्रश्नच दिसत नाही. आपण धोरणावर भाषणे ऐकतो, पण धोरण आखणाऱ्यासमोर जो आकडा जातो तो आपल्याच शाळेतून, आपल्याला न विचारता गेलेला असतो.

म्हणून पहिले काम : ग्रंथ पडताळणी, म्हणजे नोंदीतले पुस्तक कपाटात खरेच आहे का याची मोजणी, करून घ्या आणि फॉर्म भरायच्या आधी लिपिकांच्या हातात खरा आकडा लेखी द्या. भांडण न करता, "सर, पडताळणीनुसार वापरण्याजोगी पुस्तके इतकी" एवढेच. त्याची एक प्रत आवक क्रमांकासह स्वतःकडे ठेवा. पूर्णवेळ ग्रंथपालाच्या रकान्यात तुमच्यामुळे "होय" पडत असेल तर तेही दुरुस्त व्हायला हवे, कारण तुम्ही अर्धवेळ आहात. तुमच्या पदाच्या मागणीला पुढे संघटनेने कितीही जोर लावला तरी सरकारी तक्त्यातच पूर्णवेळ ग्रंथपाल दिसत असेल तर ती मागणी टिकत नाही.

पडताळणी म्हटले की आपल्या पोटात गोळा येतो हे मला माहीत आहे. हरवलेली पुस्तके निघतील, वसुली लागेल, लेखापरीक्षणात आक्षेप येईल. मराठवाड्यातल्या कितीतरी शाळांत कपाटे याच भीतीने बंद आहेत. ग्रंथपाल आळशी म्हणून नव्हे. पुस्तक दिले आणि ते परत आले नाही तर पैसे आपल्या पगारातून जातील, आणि दिलेच नाही तर कुणी विचारणार नाही; मग कोण देईल? तेव्हा ग्रंथालयासाठी "पोषक धोरण" हवे असेल तर माझ्या मते त्याची सुरुवात पुस्तक खरेदीपासून करू नये. ती हरवण्याच्या नियमापासून करावी.

याला आधार आहे. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मधला नियम २१५ ग्रंथालयांच्या पडताळणीबद्दल आहे. वीस हजारांपर्यंत पुस्तके असलेल्या ग्रंथालयात दरवर्षी पूर्ण पडताळणी करावी असे तो सांगतो. त्याच नियमात असेही आहे की वर्षभरात दिलेल्या किंवा वाचनासाठी वापरलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तके गहाळ होणे वाजवी मानावे, मात्र त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसावा. एक हजार रुपयांहून जास्त किमतीचे किंवा दुर्मीळ पुस्तक गेले तर चौकशी करावीच लागते. हा नियम केंद्राच्या कार्यालयांसाठी आहे, तुमच्या शाळेवर तो आपोआप बंधनकारक होत नाही. पण शाळा समितीपुढे ठेवायला यापेक्षा भक्कम कागद मला माहीत नाही. देशाचे सरकार स्वतःच्या ग्रंथालयात एवढे नुकसान धरून चालते, मग लेकरांच्या ग्रंथालयात शून्य का धरायचे, हा प्रश्न कोणत्याही अध्यक्षांना समजतो. आणि हिशोब नीट पाहा : नुकसानीची सूट दिलेल्या पुस्तकांवर मोजली जाते. जितकी देवघेव जास्त तितकी सूट जास्त. कपाट बंद ठेवणाऱ्याला त्यात काहीच मिळत नाही.

आमच्याकडे हे कसे घडले ते सांगते. आमच्या शाळेतली बरीच लेकरं ऊसतोडीच्या घरातली. दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादमाची गाडी लागली की वर्ग अर्धे रिकामे होतात आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, ती परत येत नाहीत. एका वर्षी सातवीतली एक मुलगी निघायच्या आदल्या दिवशी ग्रंथालयात आली आणि दोन पुस्तके बरोबर नेऊ का म्हणाली. नियम होता एक पुस्तक, सात दिवस. ती जाणार पाच महिने, पश्चिम महाराष्ट्रात, उसाच्या फडाशेजारच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत. मुख्याध्यापकांना विचारले. ते म्हणाले, "मॅडम, नाही आलं परत तर?" मी म्हणाले, "तर जीर्ण म्हणून नोंद करू, पण द्यायला पाहिजे." त्यांनी देवघेव नोंदवहीत त्या नोंदीसमोर सही केली. मी शेऱ्याच्या रकान्यात कारखान्याच्या गावाचे नाव लिहिले. पुस्तके परत आली. एकाचे मुखपृष्ठ गेलेले, पाने रसाने चिकटलेली, पण आली. आणि तिच्या कोपीच्या शेजारच्या पोरांनीही ती वाचली होती, हे तिनेच सांगितले.

ती सही मला महत्त्वाची वाटली. एका लेकरासाठी तोंडी दिलेली सवलत माणूस बदलला की संपते. म्हणून पुढच्या शाळा समितीत आम्ही एक छोटा ठराव मांडला : हंगामी स्थलांतर करणाऱ्या विद्यार्थ्यांना परत येईपर्यंत दोन पुस्तके द्यावीत आणि वाजवी मर्यादेतल्या नुकसानीची वसुली ग्रंथपालाकडून करू नये. इतिवृत्तात तो आला. संस्थेच्या दुसऱ्या शाळेने तो तसाच उचलला. नंतर तालुक्याच्या मुख्याध्यापक संघाच्या बैठकीत आमच्या मुख्याध्यापकांनीच तो वाचून दाखवला, आणि गटशिक्षण कार्यालयाने शाळांना तसे करता येईल असे पत्र काढले. मुंबईत कुणालाही भेटलो नव्हतो. पण तालुक्यापुरते ते धोरणच होते, आणि ते खालून वर गेले.

ठराव मुख्याध्यापकांनी वाचला ही गोष्ट विशेष. ती वाट मी मुद्दाम तशी ठेवली होती. आपण शिक्षकेतर कर्मचारी. बैठकीत आपण बोललो तर ती मागणी होते, मुख्याध्यापक बोलले तर तो शाळेचा उपक्रम होतो. श्रेय कुणाच्या नावावर जाते याचा विचार करत बसू नका.

तुमच्या बाबतीत पहिला अर्ज असा लिहा असे सुचवते. एकच पान, तुमच्या आकड्यांसह :

"महोदय, सप्टेंबरच्या पडताळणीनुसार ग्रंथालयात वापरण्याजोगी पुस्तके अमुक आहेत. पाचवी ते आठवीच्या अमुक विद्यार्थ्यांपैकी मागील महिन्यात अमुक जणांनी घरी पुस्तक नेले. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे शाळेत वर्तमानपत्र व मासिक असणे आवश्यक आहे. सध्या येत नाही. तरी पुढील चार बाबींस मान्यता मिळावी. खोलीतील बाक व संगणक अन्यत्र हलवणे. पाचवी ते आठवीच्या प्रत्येक तुकडीस आठवड्याला एक ग्रंथालय तासिका वेळापत्रकात देणे. एक मराठी दैनिक व 'किशोर' मासिकाची वर्गणी भरणे. नियम २१५ च्या धर्तीवर वाजवी नुकसानीची मर्यादा शाळा समितीने ठरवणे."

यात पहिल्या दोन मागण्यांना पैसा लागत नाही. तिसरीला लागतो, पण थोडा. 'किशोर' बालभारतीचे आहे, १९७१ पासून निघते आणि कुठल्याही शाळेला परवडते. चौथी मागणी सगळ्यात मोठी आहे, म्हणून ती शेवटी आणि साध्या शब्दांत. "ग्रंथालयाचे सक्षमीकरण व्हावे" असले वाक्य अर्जात लिहू नका. त्यावर कुणालाही काही करता येत नाही, नुसती सही करून पुढे पाठवता येते. "बाक हलवावेत" यावर मात्र हो किंवा नाही म्हणावेच लागते. अर्ज दिला की पोच घ्या, आवक क्रमांक टाकून घ्या.

वेळेचेही तितकेच. तासिका मागायची तर मे अखेर किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यात, वेळापत्रक लागायच्या आधी. जुलैत मागितली तर शिक्षक म्हणतात आता सगळे बसले आहे, आणि ते खरेच असते. संस्थेकडून पुस्तकांसाठी पैसे मागायचे तर अंदाजपत्रकाच्या आधी, डिसेंबर-जानेवारीत. शिक्षण विभागाची वार्षिक तपासणी असते तेव्हा ग्रंथालयाच्या मुद्द्यावर तपासणी अधिकाऱ्यांनी लेखी शेरा द्यावा असा प्रयत्न करा. त्या शेऱ्याची पूर्तता शाळेला करावी लागते. १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला पाहुणे येतात, फोटो होतात. त्या दिवशी पालकांना बोलवा आणि पुस्तके त्यांच्या हातात द्या. निवेदन मात्र त्या दिवशी देऊ नका. गडबडीत ते हारांबरोबर टेबलावर राहते.

पालकांबद्दल थोडे जास्त लिहिते, कारण ग्रंथपाल त्यांना विसरतात. आपल्या भागात आईबाप स्वतः फार शिकलेले नसतात, म्हणून त्यांना ग्रंथालयाचे काय कळणार असे शिक्षकखोलीत सर्रास बोलले जाते. माझा अनुभव उलटा आहे. पालकसभेत मी आठवीच्या एका पोराला उभे करून त्याने नेलेल्या पुस्तकातले एक पान वाचायला लावत असे. शेवटच्या रांगेतल्या बाया उठून पुढे येत. त्यातल्याच एकीने सभेत विचारले, "मग आमच्या लेकराला असं पुस्तक दर आठवड्याला का भेटत नाही?" त्या प्रश्नाचे उत्तर अध्यक्षांना द्यावे लागले. मी तोच प्रश्न वर्षभर लेखी विचारत होते. मात्र पालकांना चिथावून सभेत पाठवणे आणि त्यांना जे घडते ते दाखवणे यांत फरक आहे. पहिले लगेच ओळखू येते आणि मुख्याध्यापकांशी संबंध कायमचे बिघडतात. लेकरांची नावे, फोटो कुठल्याही निवेदनाला जोडू नका.

गावाकडूनही मदत मिळते. ग्रामपंचायतीचा विकास आराखडा दरवर्षी होतो, त्यात शिक्षणाची कामे येतात. ग्रामसभेत शाळेच्या ग्रंथालयासाठी कपाटे किंवा खोलीची दुरुस्ती सुचवायची तर ती गावकऱ्याने सुचवावी, आपण माहिती पुरवावी. खासगी संस्थेच्या शाळेला तो निधी मिळेल का हे तिथल्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) आधी विचारा. जवळ शासनमान्य सार्वजनिक वाचनालय असेल तर त्याच्याशी बोला. त्याला वर्गानुसार अनुदान मिळते आणि बालविभागाला वाचक हवेच असतात. मराठवाड्यात वाचनालयाला मोठी परंपरा आहे, हे गावच्या जुन्या माणसांना आठवून देण्यासारखे आहे. परभणीचे गणेश वाचनालय १९०१ चे. निजामाच्या राज्यात शिक्षणाचे वरचे माध्यम उर्दू, सभा घ्यायची तर परवानगी. तेव्हा मराठी पेपर वाचायला आणि चार माणसांनी एकत्र बसायला वाचनालयाचीच जागा होती. ज्या गावाने तेव्हा वर्गणी काढून वाचनालय चालवले त्या गावाला शाळेच्या खोलीतले बाक हलवायला सांगणे अवघड नाही.

आता जिल्ह्याच्या वरचे, म्हणजे पदाचे. हे एकट्याने करू नका. अर्धवेळचे पूर्णवेळ करावे, आकृतीबंधात ग्रंथपालाचे पद पटाच्या बरोबरीने वाचनाच्या गरजेवरही ठरावे, अशा मागण्या संघटनेच्या पत्रावर, जिल्ह्यातल्या सगळ्या ग्रंथपालांचे आकडे एकत्र करूनच जाव्यात. इथे मघाशी सांगितलेले यू-डायसचे आकडे उपयोगी पडतात : जिल्ह्यात किती शाळांनी ग्रंथालय "होय" लिहिले आणि त्यातल्या किती ठिकाणी पूर्णवेळ ग्रंथपाल आहे. ही माहिती सहज मिळत नसेल तर माहिती अधिकार कायदा २००५ खाली मागता येते, उत्तराची मुदत तीस दिवस. अधिवेशनाच्या आधी काही आठवडे असा दोन आकड्यांचा कागद आमदारांकडे गेला तर त्यावर तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावे लागते असा प्रश्न, विचारला जाऊ शकतो. सोळा मागण्यांच्या निवेदनावर तसा प्रश्न तयार होत नाही.

आमदार म्हटले की आपले लोक शिक्षक मतदारसंघाच्या आमदारांकडे जातात. जरूर जा. पण तो मतदारसंघ माध्यमिक आणि वरच्या स्तरावर शिकवणाऱ्यांचा आहे. ग्रंथपाल शिक्षकेतर गटात मोडतात, त्यामुळे तिथल्या यादीत आपले नाव येणे कठीण. औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) विभागाचा पदवीधर मतदारसंघ मात्र आपला आहे. पदवी मिळून तीन वर्षे झालेल्या, विभागात राहणाऱ्या कुणालाही तिथे मतदार होता येते, नमुना १८ भरून. ही यादी प्रत्येक निवडणुकीला नव्याने होते, जुने नाव चालत नाही, आणि आपल्यातले निम्मे लोक फॉर्म भरत नाहीत. आठही जिल्ह्यांतल्या ग्रंथपालांनी आणि त्यांच्या घरातल्या पदवीधरांनी नोंदणी केली तर आपले म्हणणे ऐकून घ्यायला कुणाला तरी कारण मिळेल.

नोकरीच्या अडचणीबद्दल सरळ सांगते. स्वतःच्या शाळेच्या ग्रंथालयाबद्दल मुख्याध्यापकांना लेखी अर्ज करणे यात काहीही गैर नाही; ते तुमचे काम आहे. वरच्या कार्यालयाला लिहायचे तर मुख्याध्यापकांमार्फत, योग्य मार्गाने लिहा. सेवाशर्ती नियमावलीत कर्मचाऱ्यांच्या वर्तनाचे नियम आहेत, ते एकदा वाचून घ्या. शाळेची मोडकी खोली मोबाईलवर टाकणे, शाळेच्या नावाने पेपरला बातमी देणे, निवडणुकीच्या काळात उमेदवाराच्या मंचावर ग्रंथपाल म्हणून उभे राहणे, या तिन्ही गोष्टी टाळा. तिथे अडचण येते, आणि आली की मूळ विषय बाजूला पडून तुमच्यावरच चर्चा सुरू होते. सार्वजनिक बोलायचे असेल तर संघटनेच्या पदाधिकाऱ्यांनी बोलावे. संस्थेशी आधीच तुमचे काही प्रकरण चालू असेल, मान्यतेचे किंवा वेतनाचे, तर ते मिटेपर्यंत फक्त अर्ज आणि पडताळणी एवढेच करा.

पडताळणीला एकट्याने बसू नका. नववीची दोन-चार मुले आणि एक शिक्षक बरोबर घ्या, शेवटी त्या शिक्षकांचीही सही घ्या. अर्धवेळात ती एका दमात होणार नाही. रोज एक कपाट धरा. निर्लेखनाची, म्हणजे नोंदीतून काढून टाकायच्या पुस्तकांची, यादी वेगळ्या कागदावर करा, आणि समितीची मान्यता येईपर्यंत एकही पुस्तक रद्दीत जाऊ देऊ नका, ते कितीही फाटके असले तरी.

तुमच्या शाळेचा एकूण पट, पाचवी ते आठवीच्या तुकड्या आणि संस्थेच्या आणखी शाळा आहेत का, एवढे कळवा. शाळा समितीपुढे ठेवायच्या ठरावाचा मसुदा मी त्याप्रमाणे लिहून देईन. तोवर यंदाचा यू-डायसचा फॉर्म कुठवर भरला गेला आहे, हे लिपिकांना आजच विचारून घ्या.